सासऱ्यांच्या गाडीचं हेड

मला माणसांचा मत्सर लवकर वाटतो. स्वभावच तसा आहे आणि तो लपवण्यात मी कधी वेळ घालवला नाही. शेजाऱ्याची म्हैस जास्त दूध देते म्हणून जळणारे लोक असतात, भावाला वाटणीत बरं शेत मिळालं म्हणून जळणारे असतात. मी लढाईची निम्मी वर्षं जळलो ती एका लोखंडी झाकणावरून. झाकण सासऱ्यांच्या मोटारीच्या इंजिनाचं होतं, आणि ते तासायला माझ्याकडे न येता सांगलीला गेलं होतं.

माझा कारखाना साताऱ्यात पोवई नाक्याच्या खालच्या अंगाला होता. कारखाना म्हणजे पत्र्याची लांब शेड, एक लेथ, एक भाता आणि पुण्याहून जुना आणलेला शेपर. शेपर म्हणजे सुताराच्या रंध्यासारखंच यंत्र, फक्त लोखंड तासणारं. त्याचं हत्यार पुढंमागं होत राहतं आणि दर फेरीला लोखंडाची बारीक साल काढतं. काम सावकाश चालतं, पण माझ्या शेपरवरून उतरलेलं लोखंड असं सपाट असायचं की वर काच ठेवली तर ती हलायची नाही. हे मीच सांगतोय, कारण दुसऱ्या कुणी सांगितल्याचं मला आठवत नाही.

सासरे रहिमतपूरचे. जमीन चांगली होती, पण सगळा जीव गाडीत. रहिमतपूरहून कोरेगाव आणि तिथून वर्धनगडचा घाट चढून पुसेगाव, अशी त्यांची उतारूंची एक सर्व्हिस होती. गाडी एकच, मुलगीही एकच. मुलगी मला दिली होती आणि गाडीला मला हात लावू देत नव्हते.

लढाई लागली तसं पेट्रोल मिळेनासं झालं आणि सगळ्या सर्व्हिसवाल्यांनी गाड्या कोळशावर केल्या. गाडीच्या पाठीला एक उंच पिंप बसवायचं, त्यात लाकडी कोळसा पेटवायचा, हातानं पंखा फिरवून धग धरायची आणि त्यातून निघणारा गॅस इंजिनाला पाजायचा. गाडी चालायची, पण उपाशी बैलासारखी. सपाटीला ठीक होतं. वर्धनगडचा घाट आला की ड्रायव्हर मागं वळून बघायचा आणि तेवढ्यावर पुरुष माणसं निमूट खाली उतरायची. पुढं गाडी, मागं धोतरं सावरत चालणारी वऱ्हाडासारखी रांग. कुणी सासऱ्यांना विचारायचं, ‘‘तिकीट बसायचं घेता का चालायचं?’’ सासरे हसायचे, पण ते त्यांना लागायचं. गावात त्यांचा मान त्या गाडीवर होता.

यावर उपाय होता आणि तो मला ठाऊक होता. इंजिनाच्या डोक्यावर जे जाड झाकण असतं त्याला हेड म्हणतात. हेडच्या आतल्या पोकळीत गॅस दाबला जातो आणि मग त्याला ठिणगी मिळते. हेड खालच्या अंगानं तासलं की पोकळी लहान होते. पोकळी लहान झाली की गॅस जास्त दाबला जातो आणि दणका जोरात बसतो. पेट्रोलला एवढा दाब सोसत नाही, कोळशाच्या गॅसला मानवतो. हेड एक सूत तासलं, म्हणजे इंचाचा आठवा भाग, तर मेलेल्या गाडीत धुगधुगी येते. साताऱ्यातल्या दोन गाड्यांचं हे काम मी केलं होतं आणि दोन्ही गाड्या चढाला माणसं उतरवत नव्हत्या.

मी मुद्दाम बाजाराचा दिवस धरून रहिमतपूरला गेलो. चारचौघं सोप्यात बसलेली असताना म्हणालो, ‘‘मामा, हेड काढून द्या. पुढच्या बाजाराच्या आत तासून आणतो. घाटात कुनाला उतरावं लागायचं न्हाई.’’

सासऱ्यांनी जीभ चावली. ‘‘छे छे, पाव्हणं. जावयाच्या हाताला काळं लावायचं व्हय आमी? पोरगी दिली आन् वर राबवून घेत्यात म्हनतील लोक.’’

‘‘मामा, माझा धंदाच काळ्या हाताचा हाय.’’

‘‘त्यो साताऱ्यात. हितं तुमी पाव्हणं.’’ आणि आत तोंड करून त्यांनी शिकरण करायला सांगितलं.

जावई हा दशमग्रह, असं म्हणतात. ग्रहाची पूजा करतात, त्याला कामाला लावत नाहीत, इथवर मी समजून घेतलं असतं. पण दोन आठवड्यांनी कळलं की हेड गोणपाटात बांधून मिरजेच्या गाडीनं सांगलीला गेलं. तिथं एक मिस्त्री होता. एका मोठ्या कारखान्यात शिकलेला, आणि आता स्वतःचं मिलिंगचं यंत्र घेऊन बसलेला. मिलिंगला दातेरी चाक असतं, ते गरगर फिरत लोखंड खात जातं. माझ्या शेपरला एका कामाला दिवस लागला तर मिलिंगला एक सकाळ पुरते. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते खोटं नाही. जावई हेड तासतो आणि सासऱ्याचं हेड आगगाडीनं सांगलीला जातं.

बायको त्या वेळी माहेरी होती, पहिल्या बाळंतपणाला. पोराला घेऊन परत आल्यावर तिनं आपण होऊन सगळी हकिकत सांगितली. सांगलीचे मिस्त्री हेड घेऊन स्वतः आले होते. कोट काढून खुंटीला लावला. हात फार हलका. बसवण्याआधी त्यांनी आत येऊन तिच्याकडं कणकेच्या गोळ्या मागितल्या.

‘‘कणीक कशाला?’’ मी विचारलं. कशाला ते मला चांगलं ठाऊक होतं. हेड फार तासलं तर खालून वर उठणारे वॉल्व्ह त्याला आपटतात. म्हणून वॉल्व्हवर कणकेची गोळी ठेवायची, हेड बसवून इंजिन हातानं एक वेढा फिरवायचं, परत हेड उचलायचं आणि चेपलेली कणीक किती जाड उरली ते बघायचं. तेवढी जागा मोकळी. मीही असंच करतो, पण माझ्या शेडमध्ये मला पीठ मीच मळावं लागतं.

‘‘ते बघत्यात म्हनं जागा किती ऱ्हाती ती,’’ बायको म्हणाली. ‘‘मीच दिली मळून. जरा घट्ट मागितली त्यांनी. आवं, लय बारीक नजर हाय त्यांची.’’

त्या रात्री माझ्या ताटातली भाकरी मला कडू लागली. मी म्हणालो, ‘‘तुला गं काय ठाव त्याची नजर?’’

तिनं सरळ सांगितलं. तिच्या जागी दुसरी असती तर गप्प बसली असती, पण हिला लपवाछपवी माहीत नाही. म्हणाली, ‘‘तुमच्या आदी तेच आलं हुतं मला बगायला. सगळं जुळलं हुतं. सुपारी फुटायची, तवर त्यांच्या चुलत्यानं देवक इचारलं. त्यांचंबी कळंब, आमचंबी कळंब. मग कसलं व्हतंय?’’

आमच्यात देवक, म्हणजे कुळानं पुजायचं झाड, एक निघालं की लग्न होत नाही. आडनाव वेगळं असो, गाव वेगळं असो, देवक एक म्हणजे भाऊबहीण. उठून जायचं. ते उठले. पण जाताना सासऱ्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हटलं होतं म्हणे, ‘‘देवक एक म्हंजी तू घरचाच. येत जा.’’ सासऱ्यांना मुलगा नव्हता. आणि तो येत गेला.

म्हणजे असं होतं. मी त्या घराला मुलगा दिला, त्यांचा नातू, आणि मी पाहुणा. ज्याला मुलगी देता आली नाही तो घरचा. मला शिकरण आणि त्याला हेड. सासरे मला कधी ‘मिस्त्री’ म्हणाले नाहीत, चुकूनसुद्धा नाही. त्याला उठताबसता म्हणायचे. साताऱ्यात अख्खा पोवई नाका मला मिस्त्री म्हणत होता, पण मला ते त्या एका तोंडून हवं होतं. हसायचं तर हसा. मला ते हवं होतं आणि तेच मिळत नव्हतं.

एकदा मी त्या गाडीत बसून वर्धनगडचा घाट चढलो. पुसेगावला कामच काढलं होतं तसं. घाट लागला, ड्रायव्हरनं मागं बघितलं नाही, कुणी उठलं नाही. गाडी पहिल्या गिअरमध्ये तोंड खाली घालून चढत राहिली. शेजारचा म्हातारा मला म्हणाला, ‘‘सांगलीचं काम हाय हे. आमच्या मालकाचा मिस्त्री लय हुशार गड्या.’’ मी मनात देवाला म्हटलं, पुढच्या वळणाला वॉल्व्ह आपटू दे. कान लावून बसलो होतो. नाही आपटले. कणीक बरोबर मोजली होती मेल्यानं.

त्यानंतर मी बायकोला विनाकारण टोचत राहिलो. पोळ्या लाटायला बसली की म्हणायचो, कणीक सैल झाली, तुझ्या मिस्त्रीला चालली नसती. पहिल्यांदा ती हसली. मग हसायची बंद झाली. एकदा परात माझ्यापुढं सरकवून म्हणाली, ‘‘घ्या, मळा. तुमाला तरी कळंल किती घट्ट.’’ मी मळली. चिकट झाली. तिनं तशाच पोळ्या लाटल्या.

लढाई संपली. पेट्रोल एकदम आलं नाही, पण पुढच्या वर्षा-दीड वर्षात येऊ लागलं. सर्व्हिसवाल्यांनी पिंपं उखडून उकिरड्यात टाकली आणि गाड्या पुन्हा पेट्रोलवर केल्या. मग ज्यांनी ज्यांनी हेडं तासून घेतली होती त्यांची गंमत झाली. पेट्रोलला तो दाब सोसेना. चढाला इंजिन आतून हातोडीनं बडवल्यासारखं ठोकायला लागायचं, तापायचं, पाणी उकळायचं. सासऱ्यांच्या गाडीत पुन्हा माणसं घाटात उतरू लागली. हे ऐकलं त्या दिवशी मी बायकोसाठी बाजारातून मोगऱ्याचा गजरा आणला. तिनं कारण विचारलं. मी म्हणालो, उगीच.

लाकूड काय, लोखंड काय, तासलेलं परत लावता येत नाही. सांगलीचं यंत्र कितीही गरगर फिरलं तरी ते काढणारं यंत्र, घालणारं नव्हे. पण उपाय होता आणि तोही मला ठाऊक होता. हेडच्या खाली बसेल असा तांब्याचा जाड पत्रा कापायचा, म्हणजे हेड पुन्हा तेवढं उचललं जातं आणि आतली पोकळी पूर्वीएवढी होते. पाण्याची भोकं, बोल्टांची भोकं, सिलिंडरचे घेर सगळे तंतोतंत कापावे लागतात. साताऱ्याच्या तांबटाकडून मी पत्रा घेतला. तसल्याच इंजिनाचा साचा माझ्याकडं होता. छिन्नीनं कापला, कानशीनं घासला, भात्यावर लाल करून पाण्यात बुडवला. लोखंड असं केलं की कडक होतं, तांबं उलटं मऊ होतं. मऊ झालं की बसवताना अंगाला चिकटतं. इतकं मन लावून मी दुसऱ्या कुणाचं काम केलेलं नाही. दिवाळी तोंडावर होती. पत्रा धोतराच्या घडीत गुंडाळून, बायको आणि पोराला घेऊन मी रहिमतपूरला गेलो.

या खेपेला सासरे नाही म्हणू शकणार नव्हते, असं मला वाटत होतं. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, भाऊबीजेला सकाळी, सोप्यात त्यांच्यापुढं मी पत्रा उलगडला. तांबं नुसतं लखलखत होतं. सासऱ्यांनी बोट फिरवून बघितलं. ‘‘छान हाय,’’ म्हणाले. ‘‘ठिवा तितं. मिस्त्री येनार हाय आज, त्यो बसवील.’’

मी पत्रा परत घडीत गुंडाळला. बोललो असतो तर दिवाळी मोडली असती.

तो दुपारच्या आत आला. त्याला मी तोवर धड बघितलंही नव्हतं. माझ्याच वयाचा, उंच, थोडा पुढं वाकलेला. हातात एक पुडकं होतं ते त्यानं आत नेऊन ठेवलं, कोट खुंटीला लावला आणि परड्यात उभ्या असलेल्या गाडीकडं गेला. सासरे मळ्यात पाणी बघायला गेले. मी थोडा वेळ सोप्यात पाहुण्यासारखा बसून राहिलो, मग पत्रा उचलून मागं गेलो.

त्यानं हेड काढून ठेवलं होतं. माझ्या हातातला पत्रा घेऊन त्यानं तो इंजिनावर ठेवला. एक भोक हललं नाही. सगळे बोल्ट आपापल्या भोकातून सरळ वर आले. त्यानं पत्र्याच्या कडेवरून अंगठा फिरवला.

‘‘मिस्त्री, तुमीच लावा हे,’’ तो मला म्हणाला. ‘‘मी धरतो हेड.’’

मिस्त्री म्हणाला तो मला. चुकीच्या माणसानं म्हटलं, पण म्हटलं. मी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या. आम्ही दोघांनी मिळून हेड चढवलं. मी मधल्या बोल्टापासून कडेला असे नट आवळत गेलो, तो पान्हे देत गेला. आवळून झाल्यावर मला राहवेना. म्हणालो, ‘‘तुमचं बरं हाय. ह्या घरात तुमाला इचारत्यात. माझ्याकडनं एक नट आवळून घेत न्हाईत.’’

तो चिंधीला हात पुसत होता. ‘‘जळता व्हय माझ्यावर?’’

‘‘लय.’’

‘‘पैल्या खेपेला आलो हुतो तवा मी सोप्यातल्या पाटावर बसलो हुतो,’’ तो म्हणाला. ‘‘तिनं पव्हं आणून दिलं. त्या पाटावर आता तुमी बसता. मला आज परत पाट मांडत्यात, ववाळायला. दर भाऊबीजेला मांडत्यात.’’ त्यानं चिंधी घडी करून बॉनेटवर ठेवली. ‘‘अदलाबदल करायची का, बोला. मिस्त्री तुमी व्हा.’’

मी हसलो, कारण मला वाटलं तो हसतोय. तो हसत नव्हता.

तेवढ्यात आतून माझ्या बायकोचा आवाज आला, ‘‘दादा, चला. ताट केलंय.’’

त्यानं हौदावर हात धुतले. नीट धुतले, नखांतलंसुद्धा काढलं. मी तसाच काळ्या हातांनी दारात जाऊन उभा राहिलो. सासरे मळ्यातून आले होते. माझे हात बघून त्यांचं तोंड उतरलं. तो पाटावर मांडी घालून बसला आणि त्यानं मान खाली घातली. इतकी खाली की कपाळ दिसेना. बायकोनं कुंकवाचं बोट पुढं केलं आणि थांबली.

‘‘मान वर करा की दादा,’’ ती म्हणाली. नेहमीच्या आवाजात म्हणाली. तिच्या मनात काही नव्हतं, हे मला आजही पक्कं माहीत आहे.

त्यानं मान वर केली नाही. मग तिनंच दुसऱ्या हातानं त्याची हनुवटी उचलली, कुंकू लावलं, अक्षता लावल्या. त्याचे डोळे मिटलेले होते. तिनं ओवाळलं. त्यानं डोळे न उघडताच शेजारी ठेवलेल्या पुडक्यातलं लुगडं चाचपडत ताटात ठेवलं.

आणि मी, ज्याला त्याची कीव यायला हवी होती, मी त्या हनुवटीकडं बघत होतो. तिनं माझी हनुवटी अशी कधी उचलली होती, ते मी आठवत होतो.

संध्याकाळी गाडी सुरू केली. इंजिन शांत चाललं. सासरे मोठ्यानं म्हणाले, ‘‘मिस्त्री, सुटलं की दुखणं.’’ तो म्हणाला, ‘‘पत्रा तुमच्या जावयाचा हाय. लावलाबी त्यांनीच.’’ सासरे माझ्याकडं वळले. काहीतरी म्हणणार होते, आणि इतकी वर्षं मी ज्याची वाट बघितली ते बहुधा तेच असणार. पण माझं लक्ष नव्हतं. बायको कोट खुंटीवरून काढून त्याला देत होती.

पुढं सरकारी गाड्या आल्या आणि सासऱ्यांची सर्व्हिस बंद झाली. त्या गाडीला हात लावायचा हट्ट मी त्याच्याही आधी सोडला होता. दिवाळी मात्र मी एक चुकवली नाही. बायकोला एकटीला कधी पाठवलं नाही. स्वतः घेऊन जायचो आणि भाऊबीजेला तो येऊन, ओवाळून घेऊन, सांगलीच्या वाटेला लागेपर्यंत सोप्यातून उठायचो नाही. सासरे खुश होते. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, आमच्या पाव्हण्यांना आता हितं करमाय लागलं.